दुसऱ्या मजल्यावरची बेल

पत्र

ताई, नमस्कार.

मी ५२ वर्षांची, कोथरूडला राहते. माहेर सहकारनगरला. आजोबांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेलं आणि मग आमचं घर इकडे आलं. पुढे बाबांनी स्वतःच्या पगारातून दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आता तिथे आई (वय ७८), थोरला दादा आणि वहिनी राहतात.

रोज रात्री आठ वाजता आई तिकडे आणि मी इकडे एकच मालिका बघतो. तालुक्याच्या गावातली गोष्ट आहे. वडिलांच्या किराणा दुकानावरून दोन भावांचं बोलणं बंद झालेलं. जाहिराती लागल्या की आईचा फोन येतो. गेल्या महिन्यात त्या भावांचा समेट झाला. बहिणीच्या साखरपुड्यात धाकट्यानं दुकानाच्या किल्ल्या थोरल्याच्या पायाशी ठेवल्या आणि सगळ्या गावासमोर दोघे गळ्यात पडून रडले. त्या रात्री आईचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काल आम्ही सगळे गप्पच बसलो होतो. दादा मधेच उठून गॅलरीत गेला. आपल्याकडे कधी गं होणार असं?"

दादाचा आणि माझा अबोला ६ वर्षांचा आहे. बाबा पक्षाघातानं अडीच वर्षं अंथरुणावर होते. ते गेले, आणि चौदाव्या दिवशी गोडजेवण झाल्यावर, अजून पानंही उचलली नव्हती, दादानं माझ्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. "इथे सही कर, नंतर धावपळ नको." मला सही करायचीच होती. पण त्या दिवशी? आणि अशी? मी म्हटलं, आधी पुरातून वाचलेलं आजीचं तांब्याचं घंगाळ मला द्या, मग बघू. वहिनी म्हणाली, "ते इथेच राहील. ज्यांनी केलं त्यांच्याकडे." माझा तोल गेला. मी बोलून बसले, "बाबांच्या पेन्शनीत नर्स ठेवता आली असती. तुम्हाला कुणी सक्ती केली नव्हती." वहिनीनं बाबांचं खूप केलं, ते मी कधीच नाकारलेलं नाही, पण म्हणून माझा माहेरचा हक्क संपतो का? दादा म्हणाला, "लग्नात तुझं सगळं झालंय." मी चपला घातल्या आणि खाली उतरले.

त्यानंतर मी तो जिना चढलेले नाही. आईला दर शनिवारी सारसबागेत भेटते, तळ्यातल्या गणपतीजवळच्या बाकावर. तिचे गुडघे दुखतात, तरी रिक्षानं येते. राखी तिच्या हाती पाठवते. तो बांधतो की नाही, हे मी विचारत नाही. आमची मुलं मात्र एकमेकांशी बोलतात म्हणे.

आता सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. आई म्हणते, "माझे डोळे मिटायच्या आत एकदा." मी मनाशी ठरवलंय की या भाऊबीजेला न कळवता जायचं. त्या दिवशी मामा, काका, आत्या सगळे तिथे जमतात. हातात ओवाळायचं ताट आणि सही केलेला कागद. मालिकेत त्यानं किल्ल्या ठेवल्या, तसं. करू का? की दर वेळी मीच का नमायचं?

— धाकटी, कोथरूड

उत्तर

प्रिय धाकटी,

तुमचं पत्र आल्यावर मी ती मालिका बघितली. सगळी नाही; समेटाच्या आधीचे महिनाभराचे भाग आणि रविवारचा तो तासाभराचा विशेष भाग. दोन घरांत एकाच वेळी जे रोज बघितलं जातं, ते न बघता उत्तर देणं मला बरोबर वाटेना.

आधी सरळ उत्तर देते. भाऊबीजेला ताट आणि सही केलेला कागद घेऊन जाऊ नका. जायचं आहे, पण भाऊबीजेच्या बरंच आधी, आणि कुणी बघायला नसताना.

त्या विशेष भागात नक्की काय झालं ते आठवून बघा. वडिलांची चिठ्ठी मामानं लपवून ठेवली होती, हे भर मांडवात उघड झालं. इतक्या वर्षांत जे काही कडू झालं होतं, ते त्या एका क्षणात मामाच्या नावावर जमा झालं. दोघे भाऊ निर्दोष सुटले. मग गळ्यात पडायला अडचणच उरली नाही. लिहिणाऱ्यांचीही यात एक गरज असते. आठवड्याचे सहा-सात दिवस, अर्ध्या तासातल्या जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं गोष्ट पुढे न्यायची आणि दोन्ही भावांवरची प्रेक्षकांची माया कमी होऊ द्यायची नाही. मग दोष ठेवायला तिसरं माणूस लागतं.

तुमच्या घरात कुणी चिठ्ठी लपवलेली नाही. जे झालं ते भरल्या पानांवर, सगळ्यांसमोर झालं. तिथे मामा नाही. आणि तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला दिसलं की ती रिकामी जागा हळूहळू वहिनींना मिळालेली आहे. दादाचं वाक्य तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. वहिनींच्या वाक्यावर मात्र तुम्ही अजून थांबलेल्या आहात. "ज्यांनी केलं त्यांच्याकडे." ६ वर्षं हे वाक्य तुमच्या कानात आहे, हे कळतं मला.

आता तुमचंच एक वाक्य तुमच्यापुढे ठेवते. "वहिनीनं बाबांचं खूप केलं, ते मी कधीच नाकारलेलं नाही, पण..." या "पण"च्या अलीकडे जे आहे, ते तुम्ही वहिनींना कधी तोंडानं म्हणालात का? नाकारलं नाही हे खरं असेल. म्हटलंही नाही, हेही तितकंच खरं आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला अंथरुणावर ठेवून सांभाळणं म्हणजे काय, ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गिळताना ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून प्रत्येक घासाला थांबायचं. लघवीची पिशवी, चादरी, वास, औषधांच्या वेळा. आणि हे सासऱ्यांचं, म्हणजे करणारीला आणि करून घेणाऱ्याला दोघांनाही संकोच. अडीच वर्षं म्हणजे नऊशेहून जास्त रात्री. नर्स ठेवली असती तरी ती आठ नाहीतर बारा तासांनी घरी जाते. त्या घरात राहणारी बाई जात नाही.

चौदाव्या दिवशी तुम्ही जे बोललात, त्यानं त्या नऊशे रात्रींची किंमत एका पगारावर आणून ठेवली. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मी मानते. रागात माणूस हाताला येईल ते फेकतो. पण ते लागलं कुठे, हे तुम्ही बघितलं नाहीत.

माझ्या मते तुमच्या घरातला कडवटपणा फ्लॅटचा नाही. तसा असता तर या ६ वर्षांत एकदा तरी वकिलाची नोटीस आली असती, दोघांपैकी कुणाची तरी. आली का? नाही आली. तुम्हाला वाटतं, आपलं लेकपण एका कागदात पुसायला निघाले. वहिनींना वाटतं, आपलं करणं एका वाक्यात पुसलं. दोघींच्याही हाताला त्या दिवशी पुराव्यासाठी एकच वस्तू लागली, ती म्हणजे घंगाळ. पुरातून वाचलेलं, आजीच्या हातचं. वाटण्यांतली मोठी भांडणं अशाच वस्तूंवरून होतात. मी या सदरात फ्लॅटपेक्षा पाटा-वरवंटा, देव्हारा आणि पैठण्यांबद्दलची पत्रं जास्त वाचली आहेत.

मात्र याचा अर्थ दादाचं बरोबर होतं असा अजिबात नाही. वडिलांच्या चौदाव्याला, जेवणाच्या पानांवर, सख्ख्या बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद ठेवणं हे क्रूर होतं. त्यानं घाईत केलं असेल, कुणीतरी "आत्ताच उरकून घे" म्हणून सल्ला दिला असेल, तरी क्रूर होतं. तुम्हाला लागलं ते योग्यच लागलं. ते गिळून टाका असं मी सांगणार नाही. फक्त ते आत्ता, पहिल्या भेटीत मांडायचं नाही.

आता मालिकेकडे परत येते, कारण तिच्यात तुमच्या कामाचा एक प्रसंग आहे आणि तो विशेष भागात नाही. समेटाच्या तीन-चार आठवडे आधीचा, मधल्याच कुठल्या तरी मंगळवारचा. पाऊस पडतोय, रात्री दुकान बंद करताना थोरल्याचं शटर एका बाजूनं अडकलंय. धाकटा स्कूटरवरून जात असतो. थांबतो, उतरतो, शटरचं दुसरं टोक धरतो. दोघे मिळून ते खाली ओढतात. थोरला कुलूप लावेपर्यंत धाकटा टॉर्च धरतो आणि निघून जातो. एक शब्द नाही. संगीतही नाही, नुसता पावसाचा आवाज. कदाचित तुम्ही त्या वेळी आईशी फोनवर बोलत असाल. माझ्या दृष्टीनं त्या भावांचं तिथेच जुळलं. साखरपुड्यात ते फक्त गावाला कळलं.

तो प्रसंग घडू शकला, कारण ते तालुक्याचं गाव आहे. एकच बाजारपेठ, एकच एसटी स्टँड, एकच ग्रामदैवत. भांडलेली माणसं रोज एकमेकांसमोरून जातात. न बोलायलाही तिथे रोज कष्ट घ्यावे लागतात, आणि कधीतरी पाऊस येतो, शटर अडकतं. पुण्यात तसं होत नाही. कोथरूड ते सहकारनगर रिक्षानं अर्धा-पाऊण तास, पण तुमची मंडई वेगळी, डॉक्टर वेगळे, नाट्यगृहसुद्धा वेगळं. ६ वर्षं समोरासमोर न येता इथे आरामात राहता येतं. दादा तुमच्याशी रोज भांडत नाहीये आणि तुम्ही त्याच्याशी भांडत नाही. शहर तुमचा अबोला तुमच्यासाठी सांभाळतंय. म्हणून इथे शटर आपोआप अडकणार नाही. दुसरं टोक धरायची जागा आपणच शोधावी लागते. तुमच्याकडे ती आहे. तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही ती सोय म्हणून लिहिली आहे.

दर शनिवारी ७८ वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले उतरते, रिक्षा करते, सारसबागेत बाकावर बसून लेकीला भेटते आणि परत दोन मजले चढते. आठवड्याला एक धरलं तरी ६ वर्षांत असे तीनशे शनिवार झाले. सासूबाईंना जिन्यावरून उतरवायला त्या वेळी कोण हात देत असेल? बहुतेक वहिनीच. "सांभाळून या" म्हणणारी, संध्याकाळी खिडकीतून रिक्षा बघणारी. तुमची आणि तुमच्या आईची भेट गेली ६ वर्षं त्या घराच्या मदतीनं होते आहे. त्यांनी ती अडवलेली नाही. राखीही त्या घरात पोचते आहे.

तर बाकाऐवजी जिना. एवढंच पहिलं पाऊल. येत्या शनिवारी आईला सांगा, "तू खाली उतरू नकोस, मीच घ्यायला येते." दादाला आदल्या दिवशी स्वतः मेसेज करा, आईकडून निरोप नको. फार विचार करून लिहिलेला लांबलचक नको. "दादा, उद्या पाच वाजता आईला न्यायला वर येते. फ्लॅटचं काही बोलायला नाही." दुसरं वाक्य नक्की लिहा. सोसायटीचा पुनर्विकास निघालेला असताना ६ वर्षांनी बहीण दारात आली, तर कुणाच्याही मनात आधी तेच येईल, आणि त्यात दादाचा दोष नाही. शंका मनात धरून दार उघडण्यापेक्षा ती आदल्या रात्रीच निघून गेलेली बरी.

न कळवता जायचं तुम्ही ठरवलंत, त्यामागचा विचार मी समजू शकते. कळवलं तर तो नको म्हणेल ही भीती आहे. पण अचानक, सगळे नातेवाईक बसलेले असताना, ताट घेऊन दारात उभं राहिलं की समोरच्याला दोनच गोष्टी करता येतात: सगळ्यांदेखत विरघळायचं, नाहीतर सगळ्यांदेखत दुष्ट ठरायचं. मालिकेतल्या थोरल्याला लेखकानं विरघळायला लावलं. तुमच्या दादाला चौदाव्याचा दिवसही आठवेल. तेव्हा त्यानं नातेवाइकांसमोर कागद पुढे केला होता. आता तुम्ही नातेवाइकांसमोर कागद पुढे करणार. त्याच्या जागी मी असते तर मला ती परतफेड वाटली असती.

पहिल्या शनिवारी कदाचित तो घरात नसेल. मुद्दाम बाहेर गेलेला असेल. दार वहिनी उघडतील, नाहीतर मुलगा. चालेल. आईचा हात धरा, जिना उतरवा, संध्याकाळी परत वर आणून सोडा. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी वहिनी स्वयंपाकघरात एकट्या असतील, तेव्हा जे म्हणायचं ते म्हणा. मी शब्द सुचवते, तुम्ही ते तुमच्या बोलीत बसवा: "वहिनी, त्या दिवशी मी नर्सचं जे बोलले ते फार चुकीचं होतं. तुम्ही बाबांचं काय केलंत ते मला तेव्हाही दिसत होतं." आणि थांबा. तुमची जीभ तिथे "पण" म्हणायला धावेल, तिला धावू देऊ नका. "तुमचं मन दुखावलं असेल तर" असंही नको. दुखावलं आहे, हे दोघींना माहीत आहे. त्या काही बोलतील अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित पातेलं घासत राहतील. कदाचित तुम्हाला काहीतरी कडू ऐकवतील, ६ वर्षांचं साठलेलं. ऐकून घ्या. आणि घंगाळाचं नाव काढू नका. दिसलं तरी नाही.

"दर वेळी मीच का नमायचं?" असं तुम्ही विचारलंत. यात मला नमणं दिसत नाही. आपण बोललेलं एक वाक्य आपण परत घेतो आहोत. दादाचं वाक्य दादानं परत घ्यायचं आहे; ते काम तुमचं नाही, आणि तुम्हाला ते त्याच्याकडून करवूनही घेता येणार नाही.

आता कागदाबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. भरल्या डोळ्यांनी हक्कसोडपत्रावर सही करू नका. फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा त्यात सारखा वाटा आहे. म्हणजे आई, दादा आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीचं लग्न झालं का, त्यात काय खर्च झाला, याचा याच्याशी संबंध नाही. नातेवाईक ज्या २००५ च्या दुरुस्तीवरून वाद घालतात आणि ज्यावर ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. तुमच्या बाबतीत तिथवर जायची गरजच नाही. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून दादाचं नाव असेल, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली की पुढे मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही.

तुम्ही शेवटी सही कराल, अशी माझी समजूत आहे. करायचीच होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. करा, जर सहा महिन्यांनी थंड डोक्यानंही तसंच वाटलं तर. पण तेव्हा आधी एक गोष्ट बघा: आईचं काय? या सगळ्या भांडणात आईच्या एक तृतीयांशाबद्दल कुणी बोलल्याचं तुमच्या पत्रात नाही. इमारत पाडली की नवीन होईपर्यंत ती कुठे राहणार, नव्या फ्लॅटच्या करारात तिचं नाव असणार का, ती आहे तोवर त्या घरात राहील हे कुठे लिहिलेलं असणार. तुम्हाला तुमचा वाटा सोडायचाच असेल तर तो आईच्या नावेही सोडता येतो. हे एखाद्या वकिलाकडून नीट समजून घ्या. फी हा प्रश्न असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात त्याची व्यवस्था आहे. दावा न लावता मध्यस्थासमोर बसायचीही सोय आहे आणि तिथलं बोलणं बाहेर वापरता येत नाही. दादाबरोबर बोलणं सुरू झाल्यावर, दोघांनी मिळून तिथे जाणं मला आवडेल. बोलणं सुरू व्हायच्या आधी मात्र नाही. ही दोन कामं एका ताटात ठेवलीत, तर ओवाळणीच्या बदल्यात सही झाल्यासारखं होईल, आणि पुढे कधीही वाद झाला की दोघांनाही तेच आठवेल.

तुमचं स्वतःचं दुखणं दादापुढे कधी मांडायचं? घरात नको. तो सकाळी फिरायला जातो का, आईला विचारा. सहकारनगरची अर्धी पन्नाशी तळजाईच्या टेकडीवर भेटते. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी त्याच्याबरोबर चाला. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे पुष्कळ पुरुषांना बोलणं सोपं जातं. एकदाच सांगा: "त्या दिवशी तू कागद ठेवलास, तेव्हा बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं." तो "मी तसं म्हटलं नव्हतं" म्हणेल. "तुला आठवत नाही, आधी तूच घंगाळाचा विषय काढलास" म्हणेल. क्रम वेगळा सांगेल. तिथे साक्षीपुरावे काढू नका.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांनी तुटलेल्या नात्यांचा अभ्यास केला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत १३४० जणांपैकी २७ टक्के लोकांनी घरातल्या कुणाशी तरी संबंध तुटल्याचं सांगितलं होतं. ज्यांचं पुन्हा जुळलं त्यांच्याशी ते सविस्तर बोलले. त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितलं की जुन्या घटनेबद्दल समोरच्यानं आपलं म्हणणं मान्य करावं, ही अट त्यांनी सोडून दिली होती. मी हे वाचलं तेव्हा मला माझी आई आणि मावशी आठवल्या. अकरा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. एका एप्रिलमध्ये मावशीचा फोन आला, "अगं, आईच्या कैरीच्या लोणच्यात मेथी तळून की भाजून?" आई म्हणाली, "तळून. आणि हिंग थोडा जास्त." दहा मिनिटं दोघी लोणच्यावरच बोलल्या. कोण चुकलं होतं, हे त्या दोघी जाईपर्यंत ठरलं नाही. दोघींच्या दोन हकिगती होत्या आणि मी दोन्ही ऐकल्या आहेत. पण दर उन्हाळ्यात एक बरणी इकडून तिकडे जायची.

दादा गॅलरीत गेला, या गोष्टीवर तुमची बरीच आशा आहे. असू द्या, माझीही आहे. मात्र तो रडायला गेला की फोन घ्यायला, आपल्याला माहीत नाही. आईलाही नसावं. ती दोन्हीकडचे निरोप नेते तेव्हा दोन्हीकडे थोडी साखर घालते, कुठलीही आई घालते. तिला आता या कामातून मोकळं करा. "दादा काय म्हणाला?" असं विचारणं थांबवा. आणि "डोळे मिटायच्या आत" या तिच्या शब्दांचं ओझं मुदतीसारखं घेऊ नका. तिला जे हवं आहे त्यातलं एक तुम्ही या शनिवारीच देऊ शकता. ते म्हणजे लेक घरी येणं. उरलेलं दोघांवर अवलंबून आहे आणि त्याला जितका वेळ लागेल तितका लागेल.

दार उघडलं नाही, किंवा उघडून कुणी अपमान केला, तर? एकदा-दोनदा सोसा, कारण साठलेलं बाहेर पडतंच. दर वेळी तेच व्हायला लागलं तर जिन्याच्या खालीच आईची वाट बघा. वाटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा एक मेसेज करा. तुम्ही प्रयत्न केलात हे आईनं पाहिलेलं असेल. मुलांना मात्र यात ओढू नका. ती आपापलं बोलत आहेत, त्यांना बोलू द्या.

भाऊबीजेचं असं करा: तोवर बोलणं सुरू झालेलं असेल आणि त्यानं बोलावलं, तर जा. नसेल बोलावलं, तर यंदाही ओवाळणीची सुपारी आईबरोबर पाठवा, गेली ६ वर्षं राखी पाठवलीत तशी.

आणि या शनिवारी, पाच वाजता, दार उघडल्यावर आई पदर सावरत चपला शोधत असेल, तिला वेळ लागेल. तेवढ्यात कुणीतरी पाणी विचारेल. "नको, घाईत आहे" म्हणू नका. बसा आणि प्या.